हसण्याआधी घर दिसले पाहिजे

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात जॅक वर्दिंग तोंडही उघडत नाही आणि प्रेक्षागृह हसते. तो बागेत येतो तो आपादमस्तक सुतकी वेषात. टोपीला काळी फीत, हातांत काळे मोजे. आपला धाकटा भाऊ पॅरिसला वारला असे त्याला जाहीर करायचे आहे, आणि तोच भाऊ म्हणून मिरवणारा दुसरा गृहस्थ त्या वेळी घरात पाहुणचार घेतो आहे. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात हे नाटक प्रथम झाले, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला सुतकाच्या पोशाखाचे सगळे नियम पाठ होते. म्हणून ते हसले. हा विनोद लेखकाने सुचवला, नटाने सादर केला, पण घडवला कपडेपटाने. व्हिक्टोरियन सुखात्मिका म्हणजे शिष्टाचाराच्या नियमांची कोंडी असते. नियम दिसला नाही तर तो मोडल्याचे कळत नाही, आणि मोडल्याचे कळले नाही तर हसू येत नाही. नियम डोळ्यांना दाखवणे हे नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषा या तीन कलांचे इथले पहिले काम. अमरावती-अकोल्याच्या रंगमंचावर, आणि एकूण मराठी रंगभूमीवरही, हे काम आज मागे पडले आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे काम इंग्रजांनाही आयते मिळाले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथेही रंगवलेले पडदे आणि विंगा यांच्यावरच भागत असे. मादाम व्हेस्ट्रिसने १८४१ साली ‘लंडन अशुरन्स’ हे विनोदी नाटक केले तेव्हा मंचावर खरा गालिचा आणि खरे सामान आणले. १८६० च्या दशकात टॉम रॉबर्टसनच्या घरगुती नाटकांसाठी भिंतींना छत आले, दारांना खऱ्या मुठी आल्या, आणि पात्रे खरोखर चहा पिऊ लागली. १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळले. गॅसच्या उजेडात जी रंगाची झाक आणि पडद्याची सुरकुती लपून जात असे ती विजेखाली उघडी पडली, तसे कापड, रंगभूषा आणि सामान अधिक खरे करणे भाग पडले. हा सारा खटाटोप निव्वळ हौसेपोटी नव्हता. मंचावरचे दार उघडते-मिटते असेल तरच त्याआड कोणी लपू शकतो आणि चुकीच्या क्षणी तिथून कोणी बाहेर येऊ शकतो. पडद्यावर रंगवलेल्या दाराला ही सोय नाही. वाइल्डच्या नाटकात काकडीची सँडविचे मावशीबाईंसाठी मांडलेली असतात आणि ती त्या येण्याआधीच संपतात. ताट खरे नसेल, ते रिकामे होताना शेवटच्या रांगेला दिसत नसेल, तर पुढच्या सगळ्या थापा हवेत जातात.

आपल्याकडे त्याच काळात काय चालले होते? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि संगीत नाटकाची घोडदौड सुरू झाली. ‘अर्नेस्ट’नंतर एका वर्षाने, १८९६ मध्ये, किर्लोस्कर मंडळीने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ मंचावर आणले. कोल्हटकर पुढे वकिलीच्या निमित्ताने अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे राहिले. मराठी विनोदाचा हा आद्य पुरुष वऱ्हाडात वावरला ही या प्रांताची मोठीच मिळकत आहे. त्यांनी मोलिएर वाचला होता, इंग्रजी सुखात्मिका वाचली होती, कोटी आणि पेच यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी त्यांच्या ‘मूकनायक’सारख्या नाटकांचा विनोद आज मंचावर उभा करणे अवघड जाते. एक कारण भाषेचे, पण दुसरे स्थळाचे आहे. राजपुत्र, वेषांतर, कल्पित राज्य यांच्यामागे राजवाड्याचा आणि उपवनाचा पडदा सोडला की भागत असे. त्या जगाचे शिष्टाचार प्रेक्षकाच्या घरातले नव्हते. याउलट गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ पाहा. कथानक मोलिएरचे, इंग्रजीमार्गे आलेले, पण घडते ते ओळखीच्या घरात आणि ओळखीच्या रस्त्यावर, आणि सगळा घोटाळा उभा राहतो एका तसबिरीवर. हातात धरता येईल अशी वस्तू आणि संशयी नवरा, एवढ्या भांडवलावर ते नाटक शंभर वर्षांनंतरही चालते. दोन्ही लेखकांची बुद्धी तोलामोलाची होती. टिकाऊपणातला फरक मोठ्या प्रमाणात मंचावरच्या घराने पडला.

वेशभूषेचा पुरावा याहून बोलका आहे. ब्रँडन थॉमसचे ‘चार्लीज आन्ट’ १८९२ साली आले आणि त्याचे लंडनमध्ये 1,466 प्रयोग झाले. कॉलेजातला तरुण काळ्या रेशमी झग्यात म्हातारी मावशी बनून येतो, एवढाच त्याचा गाभा. त्याच काळात पुण्या-मुंबईत भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिका करत होते आणि पुरुष लुगडे नेसून आला म्हणून कोणी हसत नव्हते, उलट प्रेक्षक भारावून जात. म्हणजे १८९२ मध्ये हे नाटक जसेच्या तसे मराठीत आणले असते तर त्याचा मुख्य विनोदच फसला असता. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याचा पायंडा पक्का केला, स्त्रीपार्टी नट मागे सरला, आणि मगच ‘चार्लीज आन्ट’वर बेतलेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ला हसण्याची जागा तयार झाली. पुढे ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरात पोचवली. त्या मावशीचे गमक असे की तिचा पोशाख विदूषकी नको. लुगडे नीट नेसलेले, अंबाडा घट्ट, पदर जागच्या जागी. पोशाख जितका सभ्य तितका आतला दांडगट पुरुष उठून दिसतो. हौशी संघांच्या प्रयोगात मात्र मावशीला बहुधा भडक साडी, गालांवर लाल ठिपके आणि वाकडा टोप दिला जातो. मग इतर पात्रे फसतात कशी, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो आणि नाटक पहिल्या अंकातच विश्वास गमावते.

आता आजच्या वऱ्हाडाकडे येऊ. इथे नाटक दोन वाटांनी पोचते. एक वाट मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक दौऱ्यांची. अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह गाठायला मुंबईहून साडेपाचशे ते साडेसहाशे किलोमीटर पार करावे लागतात. साहजिकच नेपथ्य घडीचे होते. चौकटी, दोन दारे, एक जिना, मध्ये सोफा, मागे खिडकी. हा सोफा कोणत्याही नाटकात, कोणत्याही शहरात, कोणत्याही उत्पन्नगटाच्या घरात चालतो आणि म्हणूनच कोणत्याही घराविषयी काही सांगत नाही. दुसरी वाट राज्य नाट्य स्पर्धेची आणि त्यातून वाढलेल्या हौशी संघांची. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांत नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार घडवले, हे तिचे ऋण मान्यच करायला हवे. पण स्पर्धेतली प्रकाशयोजना नजरेत भरावी लागते. त्यामुळे निळा काळोख, एकाकी स्पॉट, मागून येणारा लाल झोत, दर प्रवेशाला ब्लॅकआऊट, ही भाषा शिकली गेली. गंभीर नाटकाला ती शोभते. सुखात्मिकेत मात्र हशा बोलणाऱ्याच्या वाक्यावर पिकतो त्याहून जास्त ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. स्पॉट बोलणाऱ्यावर ठेवला की ऐकणारा अंधारात जातो आणि अर्धा विनोद विंगेत जातो. सगळ्या मंचावर सारखा, मोकळा, दिवसाचा उजेड ठेवणे आणि तरीही तो सपाट न वाटू देणे ही अवघड कला आहे. खिडकीतून येणाऱ्या उन्हाची दिशा तीन अंकांत सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी फिरवणे, दार उघडताच बाहेरचा प्रखर उजेड आत येणे, एवढे केले तरी पुरते. त्याला पारितोषिक मिळणे कठीण, कारण ते चांगले जमले तर कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: विनोदी नाटक नटाच्या जिवावर चालते, सेट लागतोच कशाला? जातिवंत नट रिकाम्या मंचावरही हसवतो, हे खरे. पण तो हसवतो तेव्हा घर, दार, समोरचा माणूस हे सगळे तोच उभे करत असतो. एकपात्री प्रयोगाचा तो धर्मच आहे. आठ-दहा पात्रांच्या, लपाछपीच्या आणि गैरसमजाच्या नाटकात प्रत्येक नट स्वतःपुरते वेगळे घर कल्पू लागला तर कोण कुणाला दिसते आहे हेच प्रेक्षकाला समजत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो जास्त खरा आहे. हौशी संघाची तिजोरी साऱ्यांना ठाऊक आहे. मात्र मी अधिक सामान मागत नाही, नेमके सामान मागतो आहे. ज्या चार वस्तूंवर कथानक अडते त्या पूर्ण खऱ्या असाव्यात, बाकीचे गाळावे. एक भक्कम दार, एक चहाचे ताट, एक बॅग, एक तसबीर. आज होते उलटे: तीन भिंतींचे रंगवलेले फ्लॅट येतात आणि ज्या दारावर अंकाचा शेवट आहे ते ढकलताच अख्खी भिंत हलते.

तिसरा आक्षेप विचारवंतांचा. वास्तववादी दिवाणखाना आता जुना झाला, १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ने माणसांची भिंत उभी करून दाखवल्यावर पुन्हा खरी भिंत कशाला, असे ते विचारतील. पण ‘घाशीराम’ची ती भिंत हाच मुळात नियम आहे: ब्राह्मणांची रांग, तिचे झुलणे, तिचे उघडणे-मिटणे, यातून पुण्याची समाजव्यवस्था क्षणात दिसते. तिथे लाकडाऐवजी माणसे वापरली, नियम दाखवण्याचे काम सोडले नाही. सूचक नेपथ्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो काहीच न सुचवणाऱ्या ठोकळ्यांना, ज्यांना लेव्हल म्हणून मंचावर ठेवले जाते आणि ज्यांवर पात्रे कारण नसताना चढतात-उतरतात.

वऱ्हाडपुरते बोलायचे तर इथल्या रंगकर्मींच्या हाताशी एक फार मोठे साधन पडून आहे, ते म्हणजे या प्रांताचा स्वतःचा व्हिक्टोरियन काळ. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव दिला, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. वकील, जिनिंगवाले, देशमुख, सावकार यांचे दिवाणखाने याच काळात सजले. ‘अर्नेस्ट’ तिथे हलवून पाहावे. शहरातली चैन मुंबईत, सभ्यपणा अमरावतीत. मूळ नाटकात व्हिक्टोरिया स्टेशनावर सामानाच्या खोलीत बॅगेत सापडलेले मूल इथे बडनेरा जंक्शनवर सापडावे, कारण अमरावतीचा फाटा तिथेच फुटतो. वंशावळ तपासणारी मावशी वतनदार देशमुखीण व्हावी, नऊवारीत आणि नथीत. तरुणांच्या अंगात धोतरावर कोट आणि डोक्याला पगडी, म्हणजे दोन संस्कृतींचा पेच बोलण्याआधीच दिसेल. बाग इंग्रजी गुलाबांची नको, विहिरीकाठची आमराई हवी. आणि सुतकाचा तो प्रवेश? काळे कपडे इथे काही सांगणार नाहीत. क्रियाकर्म उरकून डोक्याचा गोटा करून, मिशी उतरवून आलेला भाऊ दारात उभा राहावा आणि ज्याचे क्रियाकर्म झाले तो आत पंगतीला बसलेला असावा. वाइल्डने टोपीच्या फितीतून जे साधले त्याहून मोठा हशा इथे रंगभूषाकार मिळवून देईल, कारण टोपी काढता येते, गोटा झाकता येत नाही.

इंग्रजी सुखात्मिकेची ही उठाठेव हवीच कशाला, असेही कुणी म्हणेल. इथे वऱ्हाडी बोलीचा स्वतःचा रोकडा विनोद असताना लंडनचे उसने हसू का आणावे? उसने आणू नयेच. पण बोली विनोदाला शब्द पुरवते, रचना पुरवत नाही. तीन अंक घट्ट धरून ठेवणारी पेचाची बांधणी या नाटकांकडून घेण्यासारखी आहे, जशी ती देवलांनी आणि अत्र्यांनी घेतली. शिवाय वऱ्हाडचे घर मंचावर आणायला आपण शिकलेलो नाही असेही नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने १९८५ मध्ये विदर्भातला वाडा मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी नेला आणि नेपथ्यकारांना त्याची ओसरी, त्याची पडझड, त्याचा अंधार अभ्यासायला लावले. शोकनाट्यासाठी जो वाडा इतक्या निगुतीने उभा राहतो, त्याच वाड्याचे भरभराटीतले, हास्यास्पद दिवस मात्र सोफ्याच्या सेटवर उरकले जातात. हा कमीपणा साधनांचा नाही, नजरेचा आहे.

तेव्हा स्पर्धेच्या परीक्षकांनी सुखात्मिकेची प्रकाशयोजना तपासताना एकच प्रश्न विचारावा: ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला का? नेपथ्य तपासताना विचारावे: ज्या वस्तूवर कथानक फिरते ती खरी होती का? आणि अमरावती-अकोल्याच्या संघांनी भाड्याच्या कपड्यांवरचा काही खर्च वाचवून जुन्या घरांतले पोशाख, भांडी, तसबिरी यांची नोंद करणारा एक सामाईक कपडेपट उभारावा. लेखक आणि नट या दोन्ही शहरांत आहेत. त्यांना उभे राहायला घर द्या.