मॅक्सने लिहिलेली पत्रे

बिली वाइल्डरचा 'सनसेट बुलेवार्ड' (1950) एका वेड्या नटीची गोष्ट म्हणून ओळखला जातो. आम्ही तो दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा आमची नजर नटीवरून तिच्या नोकराकडे वळली.

नॉर्मा डेस्मंड ही मूकपटांची तारका. बोलपट आले आणि तिला कुणी विचारीनासे झाले. हॉलिवुडमधल्या जुनाट हवेलीत, स्वतःच्याच तसबिरींच्या गर्दीत ती पुन्हा पडद्यावर येण्याची वाट पाहते. त्यासाठी 'सालोमे'ची पटकथाही लिहून ठेवली आहे. जो गिलिस हा कर्जबाजारी पटकथालेखक. गाडीचे हप्ते थकलेले, वसुलीवाले मागावर, त्यात टायर फुटतो. तो तिच्या आवारात शिरतो आणि ती रद्दी पटकथा दुरुस्त करायला तिथेच राहतो. त्याचे प्रेत तलावात तरंगताना आपण सुरुवातीलाच पाहिलेले असते. गोष्ट सांगणाराही तोच.

जोचा लोभ उघड आहे. उंची कपडे घेताना तो लाजतो, पण घेतो. नॉर्माचा गुरूर (मराठी 'गर्व' इथे अपुरा पडतो) शेवटी कीवच आणतो. खरा धसका बसतो तो मॅक्सचा. चाहत्यांची म्हणून तिला येणारी पत्रे तोच लिहितो. आणि हा नोकर म्हणजे तिचा पहिला नवरा, तिला पुढे आणणारा दिग्दर्शक! भूमिका एरिक फॉन स्ट्रोहाइमची. नॉर्मा झालेल्या ग्लोरिया स्वान्सनला घेऊन त्यानेच 'क्वीन केली' हा मूकपट केला होता. नॉर्मा घरी पाहते ती दृश्ये त्याच मूकपटातली.

स्टुडिओतून फोन येतात. तिला वाटते, बोलावणे आले. त्यांना हवी असते तिची जुनी मोटार, तीही भाड्याने. स्वतःचीच भूमिका करणारे दिग्दर्शक सेसिल डी-मिल हे कळूनही दयेपोटी गप्प राहतात. खरे सांगतो तो जो, फार उशिरा, आणि गोळ्या खातो.

आम्ही शिक्षक मंडळीही कच्च्या निबंधाखाली 'माशाअल्लाह, उत्तम' असा शेरा मारतो, मुलाचे मन मोडू नये म्हणून. असा एक मुलगा परीक्षेत नापास झाल्यावर वही घेऊन आमच्यापुढे उभा राहिला होता. काही बोलला नाही, नुसता शेरा दाखवला. मॅक्सची पत्रे पाहताना ती वही आठवली.

बेटी शेफरचे प्रेमप्रकरण मात्र आम्हांला फिके वाटले. ते आले की हवेलीकडे परतायची घाई होते.

शेवटी पोलीस दारात असतात आणि नॉर्मा खोलीतून हलत नाही. मॅक्स बातमीपटाच्या कॅमेऱ्यांपाशी उभा राहून चित्रीकरण सुरू करण्याची आज्ञा देतो. ती जिना उतरू लागते. सारे तिच्याकडे बघत असतात. वाचकांनी एकदा मॅक्सच्या चेहऱ्याकडे बघावे.