ढालीवरून गळलेले जोडे

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये चालताना पाऊल जरा अवघडते. तिथली जमीन थडग्यांच्या शिळांची आहे आणि त्या शिळांवर पोर्तुगीज घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत. नाव वाचता आले नाही तरी ढालीवरून घराणे ओळखावे, हा त्या कोरीवकामाचा हेतू. बाराव्या शतकातील युरोपात चिलखताने तोंड झाकलेला सरदार ओळखता यावा म्हणून ढालीवर चित्रे आली, पुढे ती वारशाने मुलांकडे जाऊ लागली आणि त्यांचे एक व्याकरणच तयार झाले. ढालीचा रंग कोणता, तिच्यावर काय, दोन्ही बाजूंना आधाराला कोणते प्राणी, पायाशी कोणते ब्रीद, हे सारे ठरून गेले.

या परक्या व्याकरणात लिहिलेला काही मजकूर आपल्या मराठी संस्थानिकांच्याही वाट्याला आला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांनी तो राजवाड्यांच्या फाटकांवर आणि जुन्या नाण्यांवर पाहिलेला असतो. पण त्याकडे आपण शोभेची नक्षी म्हणून पाहतो. कवितेला जसे विचारतो, तसे या ढालींनाही विचारले पाहिजे: तुम्हांला काय सांगायचे होते, काय सांगितलेत आणि काय गाळलेत?

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने प्रमुख संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण दिले आणि त्या निशाणावर त्या त्या राजाची ढाल होती. या ढाली काढल्या रॉबर्ट टेलर नावाच्या, बंगालच्या मुलकी नोकरीतील एका हौशी जाणकाराने. काही चिन्हे त्याने आधीच्या शाही भेटींच्या वेळी केली होती. दरबारासाठी आणखी ऐंशीएक करायची होती. घराण्याची पुराणातील उत्पत्ती, इतिहासातील एखादा प्रसंग, मुलखातील डोंगर वा पीक यांतून तो प्रतीके निवडी. निशाणे इतकी जड झाली की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलंडर शिपाई लागत. दरबाराचे चित्र काढायला आलेल्या व्हॅल प्रिन्सेप या चित्रकारालाही ही सजावट रुचली नव्हती.

आपल्याकडे ओळखीची चिन्हे नव्हती असे नाही. भगवा झेंडा होता, जरीपटका होता, नौबत होती आणि मुख्य म्हणजे मुद्रा होती. मराठी मुद्रा चित्राने बोलत नाही, वाक्याने बोलते, आणि त्या वाक्यात माणूस कोणाचा कोण हे स्पष्ट असते. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येते, मग प्रधानाचे. अहिल्याबाई तर हुकुमावर स्वतःचे नाव न घालता ‘श्रीशंकर’ लिहीत. घरातल्या पातळीवर देवक होते: कुठे कळंब, कुठे पंचपल्लव. ते लग्नात पुजायचे, सोयरीक ठरवताना पाहायचे. भिंतीवर टांगायचे नव्हे. टेलरच्या ढालीही नाते सांगतात, पण ते चित्रात दिसत नाही. ते लिटनच्या भाषणात होते: हे निशाण फडकेल तेव्हा इंग्लंडच्या गादीशी असलेल्या संबंधाची आठवण व्हावी. ढाल राजाची आणि अर्थ देणाऱ्याचा, ही या संपूर्ण रचनेतील मूळ विसंगती आहे.

आता एकेक ढाल पाहू. होळकरांच्या राजचिन्हात सूर्य आहे, छत्र आहे, खड्ग आणि भाला आहे, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला नंदी. सोबत गहू आणि खसखशीची बोंडे आहेत. यातील शेवटचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. माळव्याची श्रीमंती गव्हाइतकीच अफूवर उभी होती, आणि ढालीने ते लपवलेले नाही. नंदी शिवाचा, घोडा खंडोबाचा म्हणा की फौजेचा म्हणा, दोन्ही अर्थ शोभतात. मात्र होळ गावच्या धनगराचे पोर मल्हारराव ज्या मेंढ्यांमागे हिंडले, त्यांना या गर्दीत जागा मिळालेली नाही.

ब्रीद संस्कृत आहे: ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’. उमेश सांगतो की करणाऱ्याला श्री मिळते ती त्याने आरंभलेल्या कामामुळे. लालबाग राजवाड्याच्या फाटकावर, जे इंग्लंडात ओतवून आणले, हे राजचिन्ह आहे. त्याचा अर्थ ‘जो यत्न करील तो यशस्वी होईल’ असा सांगतात, आणि तो बरोबर आहे. पण मराठी माणसाने हे ब्रीद नुसते वाचून पाहावे. ‘प्रारब्ध’ म्हणजे आपल्या बोलण्यात नशीब, भाळी लिहिलेले. संस्कृतात ‘आरंभलेले’ असा अर्थ असलेला शब्द मराठीत आणि हिंदीतही नेमका उलट्या टोकाला गेला आहे. म्हणजे उद्योगाचे ब्रीद घराण्याच्या स्वतःच्या भाषेत दैववादाचे होऊन बसते. ज्या रयतेने ते वाचायचे तिला पंडित बोलवावा लागतो आणि पंडित नसेल तर उलटा बोध होतो. ब्रीद म्हणून हा दोष लहान नाही.

शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे. घराणे स्वतःला शेषवंशी मानते, तेव्हा नाग शोभतो. दिसायलाही तो देखणा आहे. पण याच घराण्याजवळ याहून फार बोलके चिन्ह होते. कण्हेरखेडच्या पाटलाच्या घरातले राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळीत आणि झोपेतही ते छातीशी धरून असत, अशी आख्यायिका माल्कमने माळव्यावरच्या ग्रंथात नोंदवली आहे. ती खरी असो वा रचलेली; पुढचा प्रसंग मात्र ग्रँट डफने सविस्तर दिला आहे. १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले, तेव्हा दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या मुठीत होता. ते सवाई माधवरावांच्या दरबारात सर्वांच्या खाली बसले, काखेतले गाठोडे सोडले आणि नवे जोडे पेशव्यांपुढे ठेवले. हेच माझ्या बापाचे काम आणि हेच माझे, अशा अर्थाचे ते बोलले. स्वतःला पाटील म्हणवून घेणेच त्यांना आवडे.

ही नम्रता खरी की मुत्सद्देगिरी, हा वाद जुना आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की हे चिन्ह महादजींनी स्वतः निवडले होते. त्यात कुळाची सुरुवात होती, धन्याशी नाते होते, आणि मनात असेल तर टोमणाही होता. एका वस्तूत इतके अर्थ सामावले की तिला प्रतीक म्हणतात. नागात यातले काही नाही. तो फक्त ‘आम्ही थोर’ एवढेच सांगतो. आणि गंमत अशी की झोपलेल्या पोरावर फणा धरणाऱ्या नागाची कथा माल्कम सांगतो ती मल्हारराव होळकरांची. म्हणजे नाग कोणत्याही राजवंशाला चालतो. जोडे मात्र एकाच घराण्याचे.

राजचिन्ह हे वैभव दाखवण्यासाठीच असते, त्यावर जोडे आणि मेंढ्या कशा शोभतील, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला मेवाडची ढाल उत्तर देते. तिच्या एका बाजूला रजपूत योद्धा उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच मानाने भिल्ल. ज्यांच्या आधाराने राणा प्रताप रानावनात टिकले, त्यांना मेवाडने ढालीवर बरोबरीची जागा दिली, आणि त्यामुळे सिसोदियांचे तेज कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

राहिले बडोदे. गायकवाडांचे ब्रीद चार शब्दांचे आहे: ‘जीन घर, जीन तख्त’. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. दावडीहून निघालेल्या, १७२० च्या बाळापूरच्या लढाईत ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळवलेल्या दमाजींच्या घराण्याची सारी हकिगत या चार शब्दांत आहे. ‘जीन’ आणि ‘तख्त’ फारसी, ‘घर’ आपले. तरी मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू यांपैकी कोणत्याही घरातल्या माणसाला ते न समजावता समजते. तीन ब्रीदांत वा चिन्हांत मला हे निर्विवाद श्रेष्ठ वाटते.

त्यात आणखी एक गुण आहे: ते मालकाला बोलते. १८७५ मध्ये कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले सयाजीराव तेरा वर्षांचे असताना १८७७ च्या दरबारात होते. त्यांच्याच कारकिर्दीत १८९० मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला, जगातल्या मोठ्या राजवाड्यांपैकी एक. त्या वास्तूच्या धन्याचे ब्रीद ‘खोगीर हेच घर’ असावे, यात विरोध आहेच. पण तो उपकारक विरोध आहे. तो घराण्याला आपण कोठून निघालो हे विसरू देत नाही.

१९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे गेले. ढाली फाटकांवर राहिल्या. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच घोड्यांमागून या मुलखात आले: कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पुराणिक, कोणी स्वयंपाकी. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या नातवंडांना घराण्याची गोष्ट सांगताना आपणही नकळत टेलरचेच काम करतो. नाग ठेवतो, जोडे गाळतो. सरदाराच्या वाड्यातला पणजोबा सांगितला जातो, त्या वाड्यात पाणी भरणारी पणजी राहून जाते. तिच्यासाठी ढालीवर जागा करायची असेल, तर गोष्ट अशा शब्दांत सांगावी लागेल जे पोराला दोन्ही भाषांत कळतील आणि दोन्हींत एकच अर्थ देतील. बडोद्याच्या चार शब्दांना ते जमले होते.