निरीश्वरवाद आणि सोव्हिएत राजवटीतील धर्मदमन : एका आरोपाची चिकित्सा

धर्म आणि हिंसा यांवर वर्गात चर्चा सुरू झाली की ती बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. एक जण धर्मयुद्धांचा दाखला देतो. दुसरा विचारतो, "मग स्टालिनचे काय? तो तर नास्तिक होता." त्यावर तिसरा म्हणतो, "त्यात नास्तिकतेचा काय संबंध? ते निव्वळ सत्तेचे राजकारण होते." प्रस्तुत पाठात आपण शेवटच्या दोन विधानांची चिकित्सा करणार आहोत. माझ्या मते दोन्ही विधाने अपुरी आहेत, आणि त्यांतील उणीव समजली तर मूळ प्रश्न अधिक नेमका मांडता येतो.

प्रथम घटना पाहू. जानेवारी १९१८ च्या हुकुमाने सोव्हिएत सरकारने चर्चला राज्यापासून आणि शाळेला चर्चपासून वेगळे केले. त्याच हुकुमाने धार्मिक संस्थांचा मालमत्ता बाळगण्याचा हक्कही गेला. १९२२ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या मदतीचे कारण देऊन चर्चमधील मौल्यवान वस्तू जप्त करण्यात आल्या. या प्रकरणातील खटल्यानंतर पेत्रोग्रादचे मुख्य धर्मगुरू व्हेनियामिन यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९२९ च्या कायद्याने धार्मिक मंडळांना दानधर्म करण्यास आणि मुलांना धर्मशिक्षण देण्यास मनाई झाली. डिसेंबर १९३१ मध्ये मॉस्कोचे ख्रिस्त तारणहार कॅथेड्रल सुरुंग लावून पाडले गेले. मशिदी, सिनेगॉग आणि बुर्यात प्रदेशातील बौद्ध मठही या मोहिमेतून सुटले नाहीत. १९३७-३८ च्या दहशतीत हजारो धर्मगुरूंचा बळी गेला.

आता पहिले विधान घेऊ : राज्यकर्ते नास्तिक होते, म्हणून दोष नास्तिकतेचा. नास्तिकता म्हणजे ईश्वर नाही असे मानणे. एवढ्यावरून प्रार्थनास्थळ पाडावे असेही निष्पन्न होत नाही आणि पाडू नये असेही होत नाही. कृतीकडे नेणारी आणखी काही कारणे मध्ये असावी लागतात. शिवाय याच राजवटीने बुखारिनसारख्या नास्तिक बोल्शेविक नेत्यालाही १९३८ मध्ये ठार केले. सप्टेंबर १९४३ मध्ये युद्धाच्या काळात स्टालिनने तीन ज्येष्ठ धर्मगुरूंना बोलावून घेतले आणि ऑर्थोडॉक्स चर्चला पुन्हा कुलगुरू निवडू दिला. १९४६ मध्ये युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक चर्च सक्तीने रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आले. निरीश्वरवादी राज्याने एका चर्चच्या मदतीने दुसरे चर्च संपवले. केवळ ईश्वराचा नकार हे कारण मानले तर याचा उलगडा होत नाही. आपल्या ताब्याबाहेर कोणतीही संघटना नको, हे कारण मानले तर होतो.

मग दुसरे विधान बरोबर का? तेही पूर्णपणे नाही. १९२५ मध्ये येमेल्यान यारोस्लाव्स्कीच्या नेतृत्वाखाली निरीश्वरवाद्यांचा संघ उभा राहिला. १९२९ मध्ये त्याच्या नावाला 'लढाऊ' हे विशेषण जोडले गेले. पक्षाच्या पाठबळावर चालणाऱ्या या संघाचे लाखो सभासद होते आणि निरीश्वरवादाचा प्रसार हेच त्याचे घोषित कार्य होते. पुढे ख्रुश्चेव्हच्या काळात, १९५८ ते १९६४ दरम्यान, हजारो चर्च बंद झाली. त्या वेळी चर्च राज्याच्या पूर्ण नियंत्रणाखाली होते, त्याच्याकडून सत्तेला धोका नव्हता. तरीही मोहीम चालली, कारण साम्यवादी समाजात धर्म उरता कामा नये अशी अधिकृत भूमिका होती. अल्बानियाने तर १९६७ मध्ये सर्व धर्माचरणावरच बंदी घातली. म्हणून नास्तिकतेचा काहीही संबंध नव्हता, हे म्हणणे पुराव्याशी जुळत नाही.

येथे एक भेद लक्षात घ्या. व्यक्तीची नास्तिकता हे एक मत आहे. राज्याचा सक्तीचा निरीश्वरवाद ही शाळा, वृत्तपत्र, न्यायालय आणि पोलीस यांच्या बळावर लादलेली अधिकृत शिकवण आहे. दमनाचा दोष या दुसऱ्या गोष्टीकडे जातो, आणि तोही एकपक्षीय सत्तेसह. त्या सत्तेला अडवणारे स्वतंत्र न्यायालय नव्हते, विरोधी पक्ष नव्हता, मुक्त वृत्तपत्र नव्हते. १९३७ च्या जनगणनेत धर्माविषयी प्रश्न होता. १६ वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांनी आपण श्रद्धावान असल्याचे सांगितले. सरकारने ती जनगणनाच रद्द ठरवली. नको असलेले उत्तर दडपता येते, हे या सत्तेचे खरे लक्षण होते.

तुलनेसाठी केरळ पाहा. १९५७ मध्ये तेथे ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे साम्यवादी सरकार निवडणुकीने आले. शिक्षण विधेयकावरून त्याचा चर्चशी तीव्र संघर्ष झाला, पण चर्च उघडीच राहिली. विरोधकांनी उघड आंदोलन केले आणि १९५९ मध्ये केंद्राने सरकार बरखास्त केले. ती बरखास्ती योग्य होती का, हा वेगळा वाद आहे. आपल्यापुरता मुद्दा इतकाच : मार्क्सवादी विचारसरणी तीच होती, पण राज्यघटनेची चौकट वेगळी होती, म्हणून परिणामही वेगळा झाला.

या निष्कर्षाची एक अट आहे. हेच माप धर्मालाही लावले पाहिजे. इन्क्विझिशनचा दोष प्रत्येक श्रद्धावानाच्या माथी मारणारा मनुष्य सोव्हिएत छळाच्या वेळी मात्र 'मत वेगळे, सत्ता वेगळी' म्हणू शकत नाही. उलट बाजूने बोलणाऱ्यालाही ही सवलत नाही. तुमच्या वर्गात देव मानणारे आणि न मानणारे दोघेही बसतात. त्यांच्यापैकी कोणालाही दुसऱ्या कोणाच्या अपराधाचा जाब विचारण्यापूर्वी स्वतःला विचारा : त्या मताच्या हाती पोलीस कोणी दिले, आणि त्यांना अडवणारे कोणी का उरले नव्हते?