अडचण आणि अन्याय

अभावातून कला जन्मते, हे विधान आपण प्रवचनांतून इतक्या सहजतेने करतो की ते तपासून पाहण्याचे भान आपणांस राहत नाही. आदिलाबाद परिसरातील ओझा कारागिरांच्या ओतीव पितळी कामाच्या आधारे त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

इंद्रवेल्लीहून फार दूर नसलेल्या जैनूर मंडलातील उशेगाव हे या कामाचे एक प्रसिद्ध केंद्र. आधी मातीचा गाभा घडवून वाळवितात. त्यावर राळमिश्रित मेणाचे हाताने वळलेले धागे गुंडाळतात आणि पुन्हा मातीचे लेप देतात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते. त्याने सोडलेल्या पोकळीत पितळेचा रस ओततात. वस्तू बाहेर काढावयाची तर साचा फोडावाच लागतो. म्हणून एकीसारखी दुसरी वस्तू होत नाही.

या कामाचे सौंदर्य कशात आहे? हाताने वळलेला धागा सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो. ती असमानता पितळावर रेषांच्या रूपाने उतरते आणि पृष्ठभागास जिवंतपणा देते. फार अरुंद वाटेने जाताना धातू मध्येच गोठण्याचे भय असते. त्यामुळे अतिनाजूक अवयव टाळावे लागतात, आणि त्या मर्यादेतूनच आकृतीला ठसठशीतपणा येतो. परंतु प्रत्येक उणीव म्हणजे सौंदर्य नव्हे. हवा कोंडून भोक पडलेली, नाद न देणारी घंटा ही बिघडलेली घंटाच होय. तिचे पितळ पुन्हा मुशीत जाते, आणि साचा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. कोणती उणीव राखावी आणि कोणती नाकारावी, हा विवेक म्हणजेच सर्जनशीलता. केवळ अडचण तो शिकवीत नाही. अडचणीशी वर्षानुवर्षे झुंजणारा हात तो शिकतो.

येथेच आमच्या विधानाची मर्यादा उघड होते. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. तो फार कमी आहे, असे नागरी हक्कांचे कार्यकर्ते सांगत आले. तेथील हुतात्मा स्तंभासमोर उभे राहून, दुःखातून सृजन होते असे म्हणावयास कोणाची जीभ रेटेल? धातूचा हट्टीपणा ही अडचण आहे. हिरावलेली जमीन हा अन्याय आहे. पहिलीला कारागिराचे कौशल्य उत्तर देते. दुसऱ्याला न्यायाखेरीज उत्तर नाही. २०१८ साली आदिलाबादच्या डोकरा कामास भौगोलिक मानांकन मिळाले, हे इष्टच झाले. तथापि मानांकन कलेच्या नावाचे रक्षण करते. कारागिराची चूल तेवढ्याने पेटत नाही.

आपल्या कार्यातही हा विवेक हवा. भिंतीवर नकाशा नाही म्हणून अंगणातील मातीत काडीने यरुशलेमचा रस्ता आखून दाखविणारा धर्मशिक्षक खरोखर सर्जनशील आहे. त्याची आपण अवश्य वाखाणणी करावी. मात्र त्या वाखाणणीच्या आड त्याला नकाशा देण्याची आपली जबाबदारी लपवू नये. नकाशा मिळाल्यावर त्याची प्रतिभा आटेल, अशी भीती आम्हांस वाटत नाही. पितळ चांगले मिळाले म्हणून ओझा कारागिराचा हात काही विसरभोळा होत नाही.