यजमान कोण? सांस्कृतिक संस्था आणि त्यांचं गाव



संयोजकांनी आजच्या विषयाला 'सांस्कृतिक संस्था आणि लोकसहभाग' असं नाव दिलंय. यातल्या 'लोकसहभाग' या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे. आजचा बराचसा वेळ त्या भांडणातच जाणार, हे आधीच सांगून टाकतो.

हा शब्द भेटतो कुठं? संस्थांच्या वार्षिक अहवालांत. कार्यशाळा झाली, इतक्या मुलांनी 'सहभाग' घेतला. प्रदर्शन भरलं, इतक्या नागरिकांनी 'लाभ' घेतला. या वाक्यांचं व्याकरण जरा बघा. वाक्यात कर्ता नागरिक आहे, पण त्याच्या हातात काहीच नाही. विषय आधी ठरलाय, कलावंत ठरलाय, तारीख ठरलीय, फलकावर कुणाचं नाव किती मोठं हेही ठरलंय. मग शेवटी लोक बोलावले. त्यांनी यायचं, बसायचं, टाळ्या वाजवायच्या. अलीकडे एक नवं काम त्यांना मिळालंय: भिंतीवरच्या कागदावर रंगीत पेनानं आपली भावना लिहायची. (हशा) ती भावना पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात कुठं उमटते, हे मात्र विचारायचं नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपण 'यजमान' हा शब्द रोज वापरतो. पाहुण्यांना घरी बोलावणारा तो यजमान. पण मूळ शब्द यज्ञातला आहे. संस्कृत व्याकरणात 'यजति' आणि 'यजते' अशी एकाच धातूची दोन रूपं आहेत, आणि त्यांच्यातला भेद फार मार्मिक आहे. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित 'यजति'. स्वतःसाठी यज्ञ करणारा, खर्च सोसणारा आणि ज्याला फळ मिळायचं तो 'यजते', तोच यजमान. मंत्र सगळे पुरोहिताला येतात, यजमानाला कदाचित एकही येत नसेल. पण यज्ञ कुणाचा? यजमानाचा. पुरोहित दक्षिणा घेऊन घरी जातो.

आमचं म्हणणं एवढंच की कलेच्या संस्था या पुरोहित आहेत, आणि त्या स्वतःला यजमान समजू लागल्या आहेत. लोक पाहुणे झाले. पाहुण्याचं स्वागत होतं, त्याला चहा मिळतो, गुलाबाचं फूल मिळतं. फक्त स्वयंपाक काय करायचा हे त्याला कुणी विचारत नाही.

हे उलटं कुठं दिसतं? आम्हाला नेहमी झाडीपट्टी आठवते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा भाताचा आणि जंगलाचा मुलूख. तिथली रंगभूमी पुण्यामुंबईला उशिरा कळली. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी नकाशा उघडला. धान घरात आलं, दिवाळी झाली की तिथं हंगाम सुरू होतो, तो साधारण होळीपर्यंत चालतो. मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. रात्रभर. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत.

आता यातली व्यवस्था बघा, कारण मुद्दा व्यवस्थेचा आहे. कंपनी गावात 'पोहोचत' नाही, गाव कंपनीकडे जातं. गावातल्या तरुणांचं मंडळ वडशाला येतं, घासाघीस करतं, रक्कम ठरवून नाटक घेतं. मंडप गावाचा, तिकीटविक्री गावाची, तोटा झाला तर तोही गावाचा. चार पैसे उरले तर देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षाला. त्या रात्री घरोघर पाहुणे आलेले असतात. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात. नाटक पडलं तर पुढच्या वर्षी मंडळ दुसऱ्या कंपनीकडे जातं. प्रतिक्रियेचा कागद भिंतीवर लावायची गरजच नाही.

कुणी म्हणेल, सर, ती नाटकं बघितलीत का? रडारड, योगायोग, मध्येच नाचगाणं. आम्ही नाकारत नाही. त्यातली बरीच नाटकं सामान्य आहेत, काही त्याहून खाली. पण सरकारी अनुदानावर झालेलं, निवडक चाळीस लोकांनी पाहिलेलं सामान्य नाटक आम्ही जन्मभर सहन केलंय. तेव्हा नुसत्या दर्जाच्या काठीनं झाडीपट्टीला झोडपणं बरं नाही. आमचा प्रश्न दर्जाचा नाहीच. ज्याच्या दारात नाटक होतं, त्याला 'नको' म्हणता येतं का, हा आहे. झाडीपट्टीत येतं.

शहरांतही ही रीत होती. तिला आपण वर्गणी म्हणत होतो. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, कोल्हापूरचं १८५०चं. गावोगावच्या अशा जुन्या ग्रंथालयांनी, व्याख्यानमालांनी, १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवांनी वर्गणीवर दिवस काढले. वर्गणी ही काही मोठी रक्कम नव्हे. पण तिच्याबरोबर तक्रारीचा हक्क मिळतो. आठ आणे देणारा माणूस वार्षिक सभेत उभा राहून विचारतो, 'अमुक मासिक बंद का केलंत?' सचिवांना उत्तर द्यावं लागतं. त्या सभा कंटाळवाण्या असत, भांडणं होत, कुणी रागावून निघून जाई. तरी आमच्या मते तिथलं भांडण हेच सहभागाचं खरं रूप होतं.

मग अनुदान आलं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. चांगला कायदा, त्यानं खेड्यापाड्यांत ग्रंथालयं उभी राहिली. पण पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, वाचक किती, यावरून अ, ब, क, ड असे वर्ग पडले, आणि सचिवांची मान हळूहळू सभेकडून तपासणी अधिकाऱ्याकडे वळली. पुढे २०१३चा कंपनी कायदा आला. त्याच्या १३५व्या कलमानं मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. कला, वारसा, ग्रंथालयं हे विषय त्या यादीत आहेत. पैसा आला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण पैसा आपल्याबरोबर आपली भाषा आणतो. देणाऱ्याला हिशेब द्यायचा, तर डोकी मोजावी लागतात. मोजलेल्या डोक्याला आपल्या सार्वजनिक भाषेत एकच शब्द आहे, लाभार्थी.

वर्गणीदार आणि लाभार्थी हा नुसता शब्दांचा फेर नाही. वर्गणीदाराला संस्थेची घटना मागता येते. लाभार्थ्याला मिळतो तो फोटो. आणि अनेक संस्थांनी आता आजीव सभासदत्वच बंद करून ठेवलंय. का? तर नवे सभासद निवडणुकीत कुठं जातील याचा भरवसा नाही! एकीकडे 'तरुण येत नाहीत' म्हणून अध्यक्षीय भाषणात हळहळायचं आणि दुसरीकडे सभासदनोंदणीच्या खिडकीला कुलूप. हे आम्ही एका गावात पाहिलेलं नाही, अनेक गावांत पाहिलंय.

जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९३४ साली कलानुभवावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो ते असं: कला रोजच्या जगण्यातून उचलून आपण चौथऱ्यावर ठेवली, तिच्यासाठी वेगळी घरं बांधली, आणि मग ती सामान्य माणसाला परकी का वाटते म्हणून विचारत बसलो. हे वाचताना आम्हाला भायखळा आठवतं. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट अशा एतद्देशीयांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा. आजूबाजूला पुढे गिरणगाव वाढलं. त्या संग्रहात मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत: निरनिराळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांची अवजारं. सुंदर काम आहे, जरूर बघा. पण एक विचार मनात येतो. बाहेरच्या रस्त्यावरून जो कारागीर, जो कामगार चालत होता, तो आत काचेच्या कपाटात 'नमुना' म्हणून उभा होता. संग्रहालय लोकांबद्दल होतं, लोकांसाठीही होतं. लोकांचं होतं का?

२००३ ते २००८ या काळात त्या वास्तूचा जीर्णोद्धार झाला. काम इतकं नेटकं की युनेस्कोनं २००५ सालीच त्याचा गौरव केला. नंतर आजच्या चित्रकारांनाही त्या जुन्या संग्रहाशी संवाद करायला बोलावलं गेलं. ही बाब आम्हाला मोलाची वाटते. फक्त चित्रकारांच्या जोडीला गिरणीत पाळी केलेल्या माणसाला किंवा खानावळ चालवलेल्या बाईला त्या कपाटापुढे उभं करून विचारावं, 'यातलं काय चुकलंय, शेजारी दुसरी पाटी काय लावू?' आणि ती पाटी खरोखर लावावी. ते उत्तर आठवणींच्या ध्वनिमुद्रणात बंद करून ठेवू नये.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हे गृहस्थ गावाच्या प्रेमात पडलेत. तसं नाही. यजमान व्हायलासुद्धा अधिकार लागतो, आणि तो अधिकार आपल्याकडे कुणाला होता, कुणाला नव्हता, हे यज्ञाचं उदाहरण घेतल्यावर विसरून चालणार नाही. कोकणातला दशावतार घ्या. देवळाच्या जत्रेत रात्री होणारा, लिखित संहितेवाचून पहाटेपर्यंत चालणारा तो खेळ आम्हाला फार प्रिय आहे. पण परंपरेनं त्यात स्त्रीची भूमिका पुरुषानंच करायची. आणि देवळाच्या अंगणात कुणी कुठं बसायचं हे मानकऱ्यांनी ठरवायचं. 'स्थानिक समाज' असा एकजीव गोळा कुठंच नसतो. त्यात मानकरी असतात आणि वेशीबाहेरचेही असतात. म्हणून एखादी संस्था 'गावकऱ्यांशी चर्चा केली' असं लिहिते, तेव्हा कोणत्या गावकऱ्यांशी, कुणाच्या ओसरीवर, हे विचारावंच लागतं.

या प्रश्नाचं सर्वांत कडक उत्तर आपल्याकडे १८८५ साली दिलं गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं. रानडे सज्जन, निमंत्रण मनापासूनचं. जोतीरावांनी पत्रानं नकार कळवला. त्यांचा मुद्दा आमच्या शब्दांत असा: ज्यांना तुम्ही माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाही, त्यांची दुःखं तुमच्या ग्रंथांत येणार कशी, आणि मग त्यांनी तुमच्या सभेत मिसळायचं कशासाठी? आपल्या साहित्याच्या इतिहासात या पत्राकडे बहुधा फटकळपणाचा नमुना म्हणून बघितलं जातं. आम्ही ते संस्थांच्या टीकेचा पहिला मराठी निबंध म्हणून वाचतो. सभागृहात खुर्ची मिळणं आणि सभेची विषयपत्रिका ठरवणं यांतलं अंतर त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं.

आणि नकारावर ते थांबलं नाही. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. १९९९ साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन. या मंडळींनी आधीच्या यजमानाकडे अधिक चांगल्या पाहुणचाराची मागणी केली नाही, वेगळी चूल मांडली. त्यानंतर मूळ संमेलनाला आपलं दार किती रुंद आहे, हे मोजावं लागलं. ते अजून नीट मोजून झालंय असं आम्हाला वाटत नाही.

आता ही आपली व्याख्यानमाला. हिलाही यातून सूट नाही. आज श्रोत्यांत आमच्या वयाचे किती आहेत ते इथूनच दिसतंय. संध्याकाळची सहाची वेळ कुणाला सोयीची? निवृत्तांना. दुकानात काम करणारी मुलगी आठला सुटते, रिक्षावाल्याचा तो धंद्याचा वेळ. पुढच्या वर्षीच्या विषयांची यादी अजून व्हायची आहे. संयोजकांना आम्ही येण्यापूर्वीच विचारून ठेवलंय: त्या यादीच्या बैठकीला मंडईतल्या हमालांच्या संघटनेतले दोघे आणि शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतल्या दोन मुली सभासद म्हणून बसतील का, मतासकट? संयोजक म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवतो. कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि आपल्यातले पुष्कळजण सभासद आहेत. आता प्रश्न घेऊ या.