न्यायासनावरील जिन : ‘इख्वान अस्-सफा’च्या बाविसाव्या पत्रातील जिन-मानव संबंधाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मराठी वाचकाला जिन प्रथम भेटतो तो अरबी कथांच्या भाषांतरांतून. अलाउद्दीनच्या दिव्यातून प्रकटणारा हा जिन आपल्याकडे बहुधा ‘राक्षस’ झाला, तर लोकव्यवहारात तो भूत-पिशाच्चांच्या पंगतीला बसला. या दोन्ही रूपांत त्याच्या मूळ संकल्पनेचा गाभा हरवतो. इस्लामी विचारविश्वात जिन हा मृताचा आत्मा नाही आणि देवांचा शत्रूही नाही. तो मानवाप्रमाणेच ईश्वराला उत्तरदायी असलेला स्वतंत्र जीव आहे. या उत्तरदायित्वाचा साहित्यिक आविष्कार ज्या कृतीत विशेषत्वाने आढळतो, त्या ‘इख्वान अस्-सफा’ यांच्या बाविसाव्या पत्राची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिनांचे स्वरूप

‘जिन’ या शब्दाच्या अरबी धातूत झाकणे, दडणे हा अर्थ आहे. मातेच्या उदरात दडलेला ‘जनीन’ म्हणजे गर्भ आणि ज्याची बुद्धी झाकली गेली तो ‘मजनून’, हे शब्द त्याच धातूपासून झालेले आहेत. कुराणानुसार मानवाची निर्मिती मातीपासून, तर जिनांची धूरविरहित अग्निज्वालेपासून झाली (५५:१४-१५). दोघांच्या निर्मितीचे प्रयोजन मात्र एकच, ते म्हणजे ईश्वराची उपासना (५१:५६). बहात्तराव्या अध्यायाला जिनांचेच नाव असून त्यातील जिन कुराण ऐकून श्रद्धावान होतात आणि आपल्यात सज्जन आहेत तसेच दुर्जनही आहेत, हे मान्य करतात. परंपरेनुसार ते खातात, विवाह करतात आणि मरण पावतात.

जिनांच्या सामर्थ्याची मर्यादाही कुराण स्पष्ट करते. सुलैमानच्या आज्ञेने राबणाऱ्या जिनांना तो मरण पावल्याचे कळत नाही. वाळवीने काठी पोखरल्यावर त्याचा देह कोसळतो, तेव्हा कुठे त्यांना ते समजते (३४:१४). अर्थात अदृश्य असणे म्हणजे सर्वज्ञ असणे नव्हे. मानवावरील प्रभावाबाबतही हेच म्हणता येईल. इब्लीस हा जिनांपैकीच एक असल्याचे कुराण सांगते (१८:५०). अंतिम निवाड्याच्या वेळी मात्र सैतान स्वतःच सांगतो की, आपण केवळ हाक दिली, सक्तीची सत्ता आपल्याकडे नव्हती. म्हणून माणसांनी दोष स्वतःला द्यावा (१४:२२). कुजबुजीतून मनात विकल्प पेरणे, म्हणजे ‘वस्वसा’, हे या प्रभावाचे प्रमुख स्वरूप होय.

बाधेच्या प्रश्नावर मात्र भाष्यकारांत एकमत नाही. व्याज खाणाऱ्याची तुलना सैतानाच्या स्पर्शाने झोकांड्या खाणाऱ्याशी करणारी आयत (२:२७५) हा या वादाचा केंद्रबिंदू आहे. मुअतझिली पंथाचा अझ्-झमख्शरी (मृत्यू ११४४) याने त्यात अरबांच्या रूढ समजुतीचा उल्लेख पाहिला, तर इब्न तैमिय्या (मृत्यू १३२८) याने जिनांची बाधा वास्तव मानली. म्हणजे ‘इस्लाममध्ये असे मानतात’ या एका वाक्यात हा विषय संपत नाही.

बाविसावे पत्र : आशय

दहाव्या शतकात बसरा येथे ‘इख्वान अस्-सफा’ म्हणजे ‘पवित्र बंधू’ या नावाने लिहिणाऱ्या विद्वानांनी पन्नासहून अधिक पत्रांचा ज्ञानकोश रचला. त्यातील बाविसावे पत्र प्राण्यांविषयीचे आहे. कालोनिमोस बेन कालोनिमोस याने १३१६ मध्ये ते हिब्रू भाषेत नेले, तर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मौलवी इक्राम अली यांनी १८१० मध्ये त्याचा उर्दू अनुवाद सिद्ध केला.

कथानक साधे आहे. वादळाने भरकटलेले जहाज जिनांच्या राजाच्या बेटाला लागते. जहाजावरील माणसे तेथील मोकळ्या प्राण्यांना कामाला जुंपू लागतात आणि प्राणी राजाकडे दाद मागतात. प्राणी आपले गुलाम आहेत, असा माणसांचा दावा असतो. ते आपली सुडौल अंगकाठी, बुद्धी, कला, राज्यव्यवस्था आणि धर्म यांचे दाखले देतात. प्राण्यांचे प्रतिनिधी प्रत्येक दाखला खोडून काढतात. मधमाश्यांचा प्रतिनिधी आपल्या समाजाची शिस्त पुढे करतो. राजासमोर माणसाचे बहुतेक सारे दावे निष्प्रभ ठरतात.

चिकित्सा

या रचनेत न्यायाधीश म्हणून जिनाचीच योजना का, हा कळीचा प्रश्न आहे. देवदूत न्यायासनावर असता, तर निकाल ईश्वरी आज्ञा ठरला असता आणि वादाला अर्थ उरला नसता. माणूस असता, तर पक्षकारच न्यायाधीश झाला असता. जिन मात्र माणसाप्रमाणे बुद्धिमान आणि उत्तरदायी आहे, तरीही माणूस नाही.

तो सर्वस्वी तटस्थ आहे, असेही नव्हे. राजाच्या मंत्रणेत जिन आणि आदमची संतती यांच्यातील जुन्या वैराची उजळणी होते. प्राण्यांना गुपचूप सोडवावे, तर माणसे सूड उगवतील, ही भीती तेथे व्यक्त होते. लोकसमजुतीत माणूस जिनांना भितो. येथे जिनच माणसाला भितात. प्रभावाची ही उलटी दिशा हे या कृतीचे मोठे यश आहे. माणसाच्या क्रौर्याचे खापर येथे कोणत्याही अदृश्य शक्तीवर फुटत नाही.

निकाल मात्र माणसाच्या बाजूने लागतो. मानवाला पुनरुत्थान आणि चिरंतन जीवन आहे व त्याच्यात संतपुरुष निपजतात, या आधारावर प्राणी त्याच्या अधीन राहतात. वादात हरलेला पक्ष निवाड्यात जिंकतो. या विसंगतीचे समर्थन असे करता येईल की, येथे श्रेष्ठत्व गुणांना नसून जाब देण्याच्या जबाबदारीला दिले आहे. तरीही एक आक्षेप शिल्लक राहतो. जबाबदारी हाच स्वामित्वाचा आधार असेल, तर जिनही तितकेच जबाबदार आहेत. त्यांनी प्राण्यांना गुलाम केलेले नाही. जबाबदारीतून मालकी कशी निष्पन्न होते, याचे उत्तर हे पत्र देत नाही. न्यायासनावरील जिनाची उपस्थितीच निकालातील ही फट उघड करते.

संकल्पनेचे सामाजिक मोल

हा विचार ग्रंथापुरता मर्यादित नाही. तमिळनाडूतील एरवाडी या गावी दर्ग्याच्या आश्रयाने बाधा दूर होईल, या श्रद्धेने विविध धर्मांचे लोक मनोरुग्णांना आणीत. तेथील एका खाजगी निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक साखळीने बांधलेले होते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णांना साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आजाराला बाधा म्हटले की आजारी माणूस नजरेआड होतो आणि त्याला बांधणाऱ्यांची जबाबदारीही झाकली जाते. ‘झाकणे’ हा धातू येथे वेगळ्याच अर्थाने खरा ठरतो.

निष्कर्ष

जिनांवरील श्रद्धा आणि बाधेची भीती या दोन गोष्टी एकच नाहीत. पहिली कुराणाच्या विश्वरचनेचा भाग आहे, तर दुसरीबाबत त्या परंपरेच्या अंतर्गतच मतभेद आहेत. बाविसाव्या पत्राचा निकाल तर्काच्या कसोटीला पूर्णपणे उतरत नाही, हे मान्य करूनही त्यातील प्रश्नाचे मोल कमी होत नाही. तेथील जिन माणसाला झपाटत नाही, तो त्याच्याकडे जाब मागतो. महाविद्यालयीन स्तरावर अरबी, उर्दू आणि मराठी कथापरंपरांचा तौलनिक अभ्यास करताना ‘जिन’ या शब्दाला ‘राक्षस’ वा ‘भूत’ हा पर्याय योजण्यापूर्वी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.