यंत्राला ऐकू येते ते काय?

भाषा विषयाच्या तोंडी परीक्षेत गुण कसे दिले जातात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चाळीस मुलांचा वर्ग, दोन तासिका आणि गुणतक्ता भरण्याची घाई. पहिल्या पाच-सात मुलांचे बोलणे मन लावून ऐकले जाते. उरलेल्यांच्या नावापुढे मधले गुण पडतात. अशा वेळी मुलांनी मोबाईलसमोर बोलावे आणि गुण यंत्राने द्यावेत, ही कल्पना मोहात पाडणारच. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, ओळखीच्या मुलाला झुकते माप देत नाही. पण ते नेमके काय मोजते, हे पाहिल्याशिवाय त्याचे गुण स्वीकारणे शास्त्रीय वृत्तीला धरून होणार नाही.

मध्यंतरी एका कार्यशाळेत आम्ही असे एक साधन पाहिले. चौथीतल्या दोन मुलांना त्यापुढे बोलते केले. पहिल्याने ‘माझा आवडता प्राणी’ हा पाठ केलेला निबंध एका दमात म्हणून टाकला. दुसरी जळगावकडची मुलगी. केळीचा घड बागेतून बाजारापर्यंत कसा जातो, ते तिने सांगितले. ती मध्येच थांबली, हातांनी घडाचा आकार दाखवला, एक वाक्य अर्धे सोडून पुन्हा सुरू केले. ऐकणारे आम्ही सारे शहरातले; उतरवलेला घड जमिनीवर आपटू का द्यायचा नसतो, हे आम्हाला तिच्याकडूनच समजले. यंत्राने पहिल्याला भरघोस गुण दिले, हिला त्याच्या निम्मेही नाहीत. पडद्यावरचा मजकूर पाहिला तेव्हा एक कारण कळले. ती ‘केळी’ला घरच्याप्रमाणे ‘केयी’ म्हणत होती आणि यंत्र त्याचे ‘केली’ करून ठेवत होते.

असे का व्हावे? यंत्र आवाजाचे अगदी लहान तुकडे पाडते, साधारणपणे सेकंदाला शंभर. कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा आहे, यावरून तो तुकडा कोणत्या ध्वनीचा असण्याची शक्यता किती, हे ते ठरवते. मग शेजारी कोणते शब्द येणे संभवते, याचा हिशेब करून शब्द लिहिते. हे सारे ते आधी पुरवलेल्या ध्वनिमुद्रणांवरून शिकलेले असते. ज्या बोलीचे नमुने त्यात थोडे, ती त्याला कमी समजते. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात यंत्रांनी शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका केल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. या चुका ऐकणाऱ्याच्या होत्या. परीक्षेत मात्र त्या बोलणाऱ्याच्या नावावर चढतात.

खानदेश-वऱ्हाडात अनेकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो, किनारपट्टीवर काही बोलींत ‘ल’ होतो. हा गबाळेपणा नव्हे. त्यात नियमितपणा आहे. प्रमाण उच्चार शिकवावेत, याबद्दल वाद नाही. पण ‘केयी’ म्हणणाऱ्या मुलीला बोलता येत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. यंत्राला उत्तम जमते ते वाचन तपासणे. समोरचा मजकूर त्याला आधीच ठाऊक असतो. मुलाचा आवाज त्याच्याशी जुळवायचा, एवढेच काम उरते. गूगलने २०१९ मध्ये भारतात आणलेल्या साधनाचे नाव होते ‘बोलो’, पण त्यापुढे मुलांनी करायचे ते गोष्टींचे वाचनच. पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले आणि ते कामाला अधिक साजेसे होते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘तारा’ हे साधनही मोठ्याने वाचण्याचा वेग, अचूकता आणि ओघ तपासते. ही कामे उपयोगी आहेत. तक्रार आहे ती वाचनाचे माप बोलण्याला लावण्याबद्दल.

बी.एड.ला आपण चाचणीचे दोन गुण शिकतो: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात की यंत्राचे गुण परीक्षकांच्या गुणांशी चांगले जुळतात. तसे ते जुळूही शकतात, कारण चांगले बोलणारी मुले बहुधा न अडखळता, जास्त शब्द बोलतात. पण वेग हे लक्षण झाले. तापमापक गरम पाण्यात बुडवला तरी पारा चढतो. गुण वेगावर मिळतात, हे एकदा वर्गाला कळले की मुले विचार करायला थांबणार नाहीत आणि पाठांतर वाढेल. मग ती जुळणीही उरणार नाही. आमची खरी चिंता हीच आहे.

मग मोबाईल कपाटात ठेवावा का? मुळीच नाही. त्याचा सर्वांत साधा भाग, ध्वनिमुद्रक, हाच सर्वांत मोलाचा आहे. एक प्रयोग करून पाहावा. एका मुलाला साधे चित्र द्यावे: घर, झाड, डावीकडे विहीर. दुसऱ्याने पाठमोरे बसून केवळ ऐकून ते काढावे, हवे तर प्रश्न विचारावेत. दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करावे. चित्र कितपत जुळले, हे मुलांनाही दिसते. चाळीस मुलांच्या वीस जोड्या. भूमिका बदलून ८० मिनिटांचे मुद्रण होते, आणि ते आठवडाभर विभागून ऐकता येते. त्यातली दहा मुद्रणे दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावीत. जिथे फार फरक पडेल, तिथे दोघांनी मिळून पुन्हा ऐकावे. वर्षाच्या आरंभीचे आणि अखेरचे मुद्रण मुलाला शेजारी शेजारी ऐकवावे; स्वतःची प्रगती त्याला गुणांपेक्षा लवकर कळते.

यंत्राकडून गुण घ्यायचेच असतील तर आधी आपल्या गावची पाच मुले त्यापुढे बसवावीत, उमटलेला मजकूर स्वतः वाचावा आणि मगच त्याच्यावर किती विसंबायचे ते ठरवावे. परीक्षा आधी यंत्राची व्हावी, मग मुलांची.